बारवेतला प्राणी किती सेकंद दाखवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडचे चार मित्र आहेत, हातात साडेचार लाख रुपये आणि आठ रात्री. गावातल्या जुन्या बारवेतून परग्रहावरचा एक प्राणी वर येतो, अशी पाऊण तासाची फिल्म करायची आहे. १९५० च्या दशकातल्या अमेरिकी बी-मूव्हीज पाहून हुरूप आला, पण पाहताना ठिकठिकाणी हसूही आलं. अंगावर चढवायचा प्राण्याचा सूट करून देणारा कारागीर सव्वा लाख मागतोय. विचारलंय की त्या लोकांनी इतक्या कमी पैशांत प्राणी कसे उभे केले, आणि आपला प्राणी पाहून लोक हसू नयेत म्हणून काय करावं. फिल्म कृष्णधवल करावी का, हेही विचारलंय.

मी गेली २६ वर्षं कॅमेरा करतोय. त्यातली पहिली सहा असिस्टंट म्हणून गेली, पुढे मालिका केल्या, काही मराठी चित्रपट केले. त्यात भयपट चार, आणि चारही हात आखडून केलेले. या जुन्या सिनेमांवर माझं मनापासून प्रेम आहे, कारण उजेड कसा वाचवायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

सूट सव्वा लाखाचा घ्यावा की तीस हजारांचा, हे नंतर ठरवा. आधी हे ठरवा की प्रेक्षक त्या सूटकडे एकूण किती सेकंद बघणार आणि कुठल्या उजेडात बघणार. रबराचा तुकडा रबरासारखा दिसायला लागतो तो वेळ दिल्यामुळे आणि समोरून पडलेल्या सपाट उजेडामुळे. तोच तुकडा मागून लाइट मारून, ओला करून, दीड सेकंद दाखवला तर प्रेक्षक त्यात स्वतःच्या मनातलं भरतो. तुम्ही ज्या सिनेमांना हसलात आणि ज्यांना घाबरलात त्यांची बजेटं पुष्कळदा सारखीच होती. फरक या दोन गोष्टींत होता.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. फिल्म महोत्सवात अंधाऱ्या हॉलमध्ये दाखवणार की यूट्यूबवर टाकणार, यावर लाइटिंग बदलतं. प्राण्याशी शेवटी समोरासमोर गाठ पडणं कथेला हवं आहे की तो नुसता जाणवला तरी चालतं, यावर सूटचा खर्च ठरतो. आणि बारवेपाशी वीज आहे का, जनरेटर किती लांब उभा राहील, पाणी किती खोल आहे, हे मला माहीत नाही. पुढचं सगळं हे गृहीत धरून वाचा की पाणी आहे, वीज जेमतेम आहे आणि बघणाऱ्यांपैकी निम्मे लोक मोबाइलवर बघणार आहेत.

आता त्या सिनेमांबद्दल. 'बी' हा मुळात दर्जाचा शेरा नव्हता. अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत, त्यातला दुसरा तो बी. मुख्य सिनेमाच्या गल्ल्यात वितरकाची टक्केवारी असे, बी साधारणपणे ठरावीक भाड्यानं जाई. म्हणजे तो कितीही चालला तरी निर्मात्याला मिळणारी रक्कम आधीच ठरलेली, आणि नफा हवा असेल तर तो खर्चातूनच काढायचा. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोठ्या स्टुडिओंना स्वतःची थिएटरं सोडावी लागली, पाठोपाठ टीव्ही आला, आणि जुन्या बी-विभागांची जागा छोट्या स्वतंत्र निर्मात्यांनी घेतली. त्यांचा प्रेक्षक म्हणजे ड्राइव्ह-इनला गाडी घेऊन येणारी तरुण पोरं. नाव आणि पोस्टर आधी, पटकथा नंतर, असंही सर्रास चाले. ही सगळी बंधनं त्या माणसांनी पत्करली होती. ती मान्य करून कोणी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी निर्माता वॅल ल्यूटन. आरकेओ स्टुडिओनं १९४२ मध्ये त्याला भयपटांचा विभाग दिला तो तीन अटींवर : दीड लाख डॉलरच्या आत खर्च, ७५ मिनिटांच्या आत लांबी, आणि सिनेमाचं नाव वरचे साहेब ठरवणार. पहिलंच नाव आलं 'कॅट पीपल'. मांजरमाणसं! दुसऱ्या कुणी एखाद्या नटाला केसाळ मुखवटा चढवला असता. ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नर आणि कॅमेरामन निकोलस मुसुराका यांनी बाईचा बिबट्या झालेला जवळजवळ दाखवलाच नाही. मोठ्या घरातला जिना हवा होता, तर स्टुडिओत आधीच्या एका खर्चिक सिनेमाचा जिना उभा होता, तोच वापरला.

त्यातला पोहण्याच्या तलावाचा प्रसंग आज रात्रीच पुन्हा पाहा, कारण तो तुमच्या बारवेचाच प्रसंग आहे. एक मुलगी एकटी पाण्यात आहे, लाइट बंद झालेत, पाण्याच्या लाटांचा उजेड भिंतींवर आणि छतावर हलतोय, कुठूनतरी गुरगुर येते. भिंतीवरून एक सावली सरकते. ती सावली आपण स्वतःच्या मुठीनं पाडली, असं टूर्नरनंच पुढे सांगितलं होतं. प्राणी आहे की नाही हे कळत नाही, पण पाण्यातली मुलगी जिथे बघते तिथे आपणही बघतो.

हा पाण्याचा उजेड तुम्हाला जवळजवळ फुकट मिळेल. घरातली मोठी परात घ्या, तळाला फुटक्या आरशाचे तुकडे पसरा, वर चार बोटं पाणी भरा. एक लहान कडक लाइट तिरका परातीवर मारा म्हणजे त्याचा उजेड उसळून नटाच्या चेहऱ्यावर जाईल. मग एकानं परातीच्या काठावर बोटानं हलकेच टिचकी मारत राहायचं. टिचकी सावकाश असेल तर पाणी शांत वाटतं, भरभर मारली तर खाली काहीतरी हललंय असं वाटतं. साताऱ्याकडच्या एका फिल्ममध्ये मी असा अख्खा प्रसंग केला. विहिरीच्या काठाशी वाकलेली म्हातारी, चेहऱ्यावर संथ हलणारा उजेड. ती 'कोण हाय खाली?' म्हणते आणि त्याच क्षणी माझ्या असिस्टंटनं टिचकीचा वेग वाढवला. म्हातारीच्या भूमिकेतल्या बाईंनी मान अर्धा इंच मागे घेतली, बस. आम्ही विहिरीत कॅमेरा उतरवलाच नाही. पुढे हॉलमध्ये पाहताना माझ्या शेजारच्या माणसानं पाय वर घेतले होते.

आता उलट बाजूचं उदाहरण. १९५६ चा 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड', दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. शुक्रावरून आलेला प्राणी पॉल ब्लेझडेलनं बनवला. तिथे गुरुत्वाकर्षण भारी असेल, म्हणून त्यानं प्राणी बुटका, जमिनीला चिकटलेला केला. विचार चांगलाच होता. पण नायिका बेव्हर्ली गार्लंड त्याच्याशेजारी उभी राहिली आणि या एवढ्याशानं जग जिंकलं का असं तिनं तोंडावर विचारलं, असा किस्सा कॉर्मन स्वतः सांगत असे. मग प्राण्याची उंची वाढवावी लागली. पुढची चूक त्याहून महत्त्वाची. प्राणी गुहेतल्या अंधारात राहणार या हिशेबानं ब्लेझडेलनं काम केलं होतं, आणि शेवटच्या प्रसंगात तो गुहेबाहेर, लख्ख दिवसाउजेडी आणला गेला. ज्या उजेडासाठी वस्तू बनवली, त्या उजेडात ती चित्रित झाली नाही. आज लोक त्या प्राण्याला हसतात तेव्हा मला ब्लेझडेलबद्दल वाईट वाटतं. त्या माणसानं अगदी थोड्या पैशांत, बायकोच्या मदतीनं, घरी बसून प्राणी बनवले आणि त्यांच्या आत शिरून कामही केलं.

हीच गोष्ट माझ्या बाबतीत झाली आहे. वीसेक वर्षांपूर्वी कोकणातल्या एका वाड्यात आम्ही भयपट करत होतो. मुखवटा चांगला होता, कारागिरानं तो कंदिलाच्या उजेडासाठी रंगवला होता : गडद, गालाच्या खळग्यांत जवळजवळ काळा. शेवटच्या दिवशी निर्माते म्हणाले, एवढा खर्च केलाय तर नीट दिसू दे. मी समोरून मोठा लाइट दिला, वर थर्माकोलवरून उसळवलेला उजेड दिला आणि चाळीस सेकंदांचा शॉट झाला. थिएटरात पहिले दोन-तीन सेकंद शांतता होती, मग मागून एक जण हसला आणि मग सगळं थिएटर हसलं. तेव्हा मी हट्ट धरायला हवा होता. तो मुखवटा करणारा माणूस प्रीमियरला माझ्या पुढच्याच रांगेत बसला होता.

म्हणून कारागिराकडे जाताना हातात शॉट घेऊन जा. 'असा असा प्राणी हवा' एवढं सांगू नका. 'पायरीच्या कडेला हाताची चार बोटं, बाजूनं लाइट, ओलं, दोन सेकंद' असं सांगा. 'पाठ, कमरेपासून वर, मागून लाइट, चेहरा नाही, तीन सेकंद' असं सांगा. मग कदाचित असं लक्षात येईल की तुम्हाला अख्खा सूट लागतच नाही.

इंग्लंडमधल्या हॅमर कंपनीनं १९५५ मध्ये 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' केला. त्यात अंतराळातून परतलेला माणूस हळूहळू दुसराच जीव होत जातो. सिनेमाचा बराच भाग हा बदल कोटाखाली झाकलेल्या एका हातात आहे, आणि रिचर्ड वर्ड्सवर्थ या नटाच्या डोळ्यांत. तो जवळजवळ बोलतच नाही. हात कोटाबाहेर येण्याची आपण भीतीनं वाट बघतो. सगळ्यात शेवटी जो प्राणी दिसतो त्यात रबराबरोबर खाटकाकडची आतडी-कोथळीही वापरली होती, म्हणजे खर्च तिथेही बेतलेलाच. आणखी एक उदाहरण बाहुले एकेक फ्रेम हलवून जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउझेनचं. 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' या १९५५ च्या सिनेमातल्या त्याच्या अजस्र ऑक्टोपसला आठच्या जागी सहाच भुजा आहेत. पैसे आणि वेळ वाचवायला दोन कमी केल्या. एकेक फ्रेम हलवायची असल्यामुळे प्रत्येक भुजा म्हणजे कामाचे जास्तीचे दिवस. काही भुजा नेहमी पाण्याखाली ठेवल्या की मोजणार कोण!

पाण्यावरून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती जिवाशी गाठ आहे. सूट घातलेला माणूस बारवेच्या पाण्यात उतरवू नका. फोम पाणी पितं आणि काही मिनिटांत अंगावर मणभर ओझं होतं, मुखवट्यातून दिसत नाही, ओरडलेलं बाहेर ऐकू येत नाही. १९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मध्ये पाण्याखालचा प्राणी म्हणजे रिकू ब्राउनिंग हा तरबेज पोहणारा होता. फ्लोरिडातल्या वकुला स्प्रिंग्जच्या नितळ पाण्यात त्याला चौकटीबाहेरच्या नळीतून हवा दिली जायची. तुमच्याकडे ते पाणी नाही आणि ती यंत्रणाही नाही. प्राणी पाण्याच्या वरच्या दोन पायऱ्यांपर्यंतच ठेवा. बादलीभर पाणी ओतलं की तो नुकताच वर आलाय असं दिसतं. काठावर पोहणारा माणूस आणि दोर मात्र कायम हवा.

लोक का हसतात, याचं माझ्या अनुभवातलं एक मोठं कारण असं की नट ज्याला घाबरतोय आणि आपल्याला जे दिसतंय, त्यांचा मेळ बसत नाही. १९५७ च्या 'द जायंट क्लॉ'मध्ये आकाशात एक प्रचंड पक्षी येतो. नटांनी चांगलं काम केलंय, अगदी मनापासून घाबरलेत. पण काम करताना त्यांनी तो पक्षी पाहिलाच नव्हता. बाहुला वेगळीकडे बनला, वेगळा चित्रित झाला, आणि पडद्यावर जेव्हा तो मान हलवत आला तेव्हा नटांनाही तो पहिल्यांदाच दिसला. त्यांची भीती एका पक्ष्याची, दिसतो दुसराच. तुमच्या नटांना पहिल्या दिवशीच ते हात, ती पाठ दाखवा. बारवेच्या पायरीवर काठी उभी करून तिला प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लाल चिंधी बांधा, आणि प्रत्येक नटाची नजर तिथेच जाऊ दे. तो किती वेगानं चढतो तेही ठरवा आणि एका असिस्टंटला त्या वेगानं चिंधी घेऊन चालायला लावा. आठ रात्रींत ही एवढी शिस्त पाळली तर संकलनाच्या टेबलावर तुमचा जीव वाचेल.

आता ज्या सिनेमाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो. 'कार्निव्हल ऑफ सोल्स', १९६२. तुमच्यासारख्या प्रत्येकानं तो पाहावा असं मला वाटतं, कारण तो करणारी माणसं हॉलीवूडची नव्हतीच. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावात शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट बनवणारी एक कंपनी होती, हर्क हार्वी तिथला दिग्दर्शक. कॅलिफोर्नियाहून गाडीनं परत येताना त्याला सॉल्ट लेक सिटीजवळ संध्याकाळच्या उजेडात साल्टएअर नावाचं एक ओसाड विहारस्थान दिसलं. सरोवराचं पाणी मागे हटलेलं, मोठमोठे घुमट आणि आत रिकामा नाचाचा हॉल. त्यानं आपल्या लेखक सहकाऱ्याला, जॉन क्लिफर्डला, सांगितलं की शेवटी त्या हॉलमध्ये मेलेली माणसं नाचताना हवीत, बाकी काय हवं ते लिही. सुट्टी काढून तीनेक आठवड्यांत, मोजक्या माणसांत, सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये सिनेमा झाला.

त्यांनी काय काय वापरलं ते बघा. गावात चर्चचे ऑर्गन बनवणारा कारखाना होता, नायिका ऑर्गन वाजवणारी आहे. माहितीपट करताना हलक्या कॅमेऱ्याची सवय होती, म्हणून चालत्या गाडीतले शॉट खरोखर चालत्या गाडीत घेतले. नाहीतर स्टुडिओत पाठीमागे पडदा लावून खोटा रस्ता दाखवायची तेव्हा पद्धत होती. नायिकेला सतत दिसणारा तो पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस म्हणजे हार्वी स्वतः : चेहऱ्याला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळं, अंगात साधा सूट. एवढाच त्यांचा राक्षस. गाडीच्या काचेत नायिकेच्या चेहऱ्याच्या जागी तो चेहरा पहिल्यांदा दिसतो तेव्हा मी पुण्यात मित्राच्या खोलीवर व्हीएचएस बघत होतो, आणि आम्ही दोघांनीही कॅसेट थांबवली होती.

आणि त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट : आवाज. दुकानात कपडे बदलून ती बाहेर येते आणि एकदम जगाचा आवाज बंद होतो. माणसं बोलतायत, गाड्या चालल्यात, ऐकू काहीच येत नाही. तिच्या बुटांचा आवाज तेवढा येतो. कुणाला ती दिसतही नाही. ध्वनिपट्टीवरून बाकीचे आवाज काढून टाकायला एक पैसा लागत नाही.

तुमच्याकडे बारव आहे. ती तुमची साल्टएअर आहे आणि कथा तिच्यापासून लिहायला हवी. सध्या तुमच्या कथेत प्राणी आधी आलाय आणि बारव त्याच्या राहण्याची जागा म्हणून नंतर. उलटं करून बघा. त्या बारवेत काय आहे? पायऱ्या किती, कोनाड्यात देव आहे का, पाणी उन्हाळ्यात कितव्या पायरीपर्यंत उतरतं, कबुतरं कुठे बसतात, गावातले लोक तिच्याबद्दल काय बोलतात? रोज सातव्या पायरीवर असणारं पाणी एका सकाळी पाऊस नसताना तिसऱ्या पायरीवर आलं, एवढ्यानं माझ्या अंगावर काटा येतो. आणि हे दाखवायला एक शॉट पुरतो.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर भयपटवाल्या रामसे बंधूंचा आहे. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, विश्रामगृहात मुक्काम ठोकून, घरच्याच माणसांच्या जोरावर केला. एक भाऊ आवाज सांभाळतोय, गंगू रामसे कॅमेऱ्यावर. धुकं, झाडी, जुनी बांधकामं हे सगळं तिथे आयतंच होतं.

वेळेकडे येतो, कारण आठ रात्री ऐकूनच मला काळजी वाटली. मे महिन्यात अंधार नीट पडायला साडेसात होतात आणि पहाटे पाचला आकाश उजळायला लागतं. त्यातून जेवण, लाइट उभे करणं, जनरेटरचं काहीतरी, नटांचा मेकअप वजा करा. रात्रीचे पाच-सहा तास खरे हातात येतात. पाऊण तासाच्या फिल्मला ते पुरणार नाहीत. म्हणून काही प्रसंग संध्याकाळी आणा आणि काही दिवसा घेऊन रात्र दाखवा.

दिवसा रात्र दाखवणं हे त्या सिनेमांचं नेहमीचं काम होतं, आणि तिथेच ते पकडलेही जातात. एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये एकाच पाठलागात एक शॉट रात्रीचा, पुढचा भर उन्हातला, असं होतं. त्यातच नट बेला लुगोसी वारल्यावर त्याच्या जागी दुसरा माणूस अंगरख्यानं तोंड झाकून उभा केला होता. काळ्यापांढऱ्या फिल्मवर लाल फिल्टर लावला की निळं आकाश काळं पडे, म्हणून त्यांना ते थोडं सोपं होतं. रंगीत डिजिटलवर आकाश चौकटीत येऊच द्यायचं नाही. सूर्य नटाच्या पाठीमागे ठेवायचा म्हणजे खांद्याला-केसांना चांदण्यासारखी कड मिळते, एक्सपोजर दोनेक स्टॉप खाली (म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड साधारण पाव), रंग किंचित निळ्याकडे. तुमची बारव इथे कामी येईल, कारण खालून वर बघितलं नाही तर आकाश दिसतच नाही. दुपारी बारा ते तीन मात्र हे करू नका, त्या उभ्या उन्हाच्या सावल्या चंद्राच्या वाटत नाहीत.

कृष्णधवल करावं का, हा तुमचा उपप्रश्न होता. रक्ताचा रंग, मुखवट्याचा रंग, दोन लाइटांचा न जुळणारा रंग हे सगळं कृष्णधवल झाकतं. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये १९६८ साली रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चाललं ते त्यामुळेच. पण त्या काळी छोट्या सिनेमांना ती रोजची गोष्ट होती, आज ती निवड आहे आणि प्रेक्षक तिचा अर्थ लावतो. कथा आजच्या गावातली असेल तर मी रंगीतच करीन, फक्त रंग दोनच ठेवीन : दिव्यांचा पिवळा आणि बारवेतला हिरवट काळा.

अंधाराबद्दल सावध राहा. ल्यूटनचा अंधार अंधाऱ्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर बघितला जायचा. तुमचा अंधार बसस्टँडवर, उन्हात, बोटांच्या डागांनी भरलेल्या फोनवर बघितला जाईल. इंटरनेटसाठी दाबलेल्या फाइलमध्ये गुळगुळीत काळोखाचे चौकोन पडतात. म्हणून नुसतं कमी एक्सपोज करू नका. चौकटीत एक तरी नीट उजळलेली गोष्ट ठेवा, मग ती कंदिलाची काच असो, पांढरं धोतर असो की ओल्या दगडाची कड. तिच्या तुलनेत बाकीचं काळं वाटतं. पहिल्या रात्रीचे दोन शॉट लगेच एका स्वस्तातल्या फोनवर टाका, ब्राइटनेस निम्मा करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात उभं राहून बघा. तिथे कळलं तर सगळीकडे कळेल.

वेगाबद्दल कॉर्मनकडूनच शिकावं. त्याचा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' दोन दिवसांत झाला, असं सगळे सांगतात. मुख्य चित्रीकरण खरंच दोन दिवसांचं, पण त्याआधी तीन दिवस तालमी झाल्या होत्या, सेट आयता उभा होता, आणि बाहेरचे तुकडे वेगळे घेतले होते. हे मागचं लोक विसरतात. तुम्हीही आठ रात्रींआधी तीन-चार दिवस नटांना बारवेवर नेऊन तालीम घ्या, त्याला फक्त चहा-वडापावचा खर्च आहे. आणि शूटच्या रात्री एका दिशेला तोंड करून लाइट लागला की त्या दिशेचे सगळ्या प्रसंगांतले सगळे शॉट संपवा, मगच काउंटरला, म्हणजे उलट दिशेच्या शॉटला, वळा. मी पाहिलंय की नवीन मुलं दर प्रसंगाला लाइट फिरवतात आणि त्यातच दोन रात्री जातात.

१९६० साली त्याच कॉर्मनला 'हाउस ऑफ अशर'साठी १५ दिवस मिळाले, जे त्याला भरपूर वाटले. सोबत कॅमेऱ्यावर फ्लॉइड क्रॉस्बी, ज्यानं फार पूर्वी ऑस्कर जिंकलं होतं. सिनेमात राक्षस कुठाय असं निर्मात्यांनी विचारलं तेव्हा घर हाच राक्षस असं उत्तर कॉर्मननं दिलं. हॉलीवूडच्या टेकड्यांवर वणवा लागल्याचं कळलं तशी तो माणसं घेऊन तिथे गेला आणि जळक्या झाडांमधून येणाऱ्या घोडेस्वाराचा सुरुवातीचा प्रसंग घेऊन आला. तुमच्याकडे ऊसतोडणीनंतर पाचट पेटवतात ना? त्या धुराकडे आणि काळ्या रानाकडे एकदा कॅमेरामनच्या नजरेनं बघा. अर्थात शेतमालकाला विचारून, आणि आग लागली असताना नाही, विझल्यावर.

तर सव्वा लाखाचं उत्तर. मी तुमच्या जागी असतो तर अख्खा सूट केला नसता. कारागिराकडून कोपरापर्यंतचे दोन हात आणि डोक्याच्या मागच्या भागासकट एक पाठ करून घेतली असती, ओल्या अवस्थेत आणि बाजूच्या उजेडात बघूनच पसंत केली असती. त्याला त्याचे पैसे नीट आणि वेळेवर द्या. उरलेल्यातला मोठा वाटा आवाजाला : चांगला रेकॉर्डिस्ट, आणि शूट संपल्यावर एक रात्र नुसती बारवेतले आवाज घ्यायला. पाण्यात खडा पडल्याचा, ओलं काहीतरी दगडावर सरकल्याचा, आणि रातकिडे एकदम थांबल्याचा. तो शेवटचा मिळेल की नाही सांगता येत नाही, पण मिळाला तर तो तुमच्या प्राण्याचा प्रवेश आहे. चेहरा दाखवायचाच असेल तर एकदाच, शेवटून दुसऱ्या प्रसंगात, दीड सेकंद. तेवढ्यासाठी लागणारा मुखवटा नंतर, फिल्म जोडून बघितल्यावर ठरवा. मी पैज लावत नाही, पण बहुतेक तो लागणार नाही.

या रविवारी संध्याकाळी साडेपाच, सहा आणि साडेसहाला बारवेच्या एकाच पायरीवरून, एकाच दिशेनं तीन फोटो काढा आणि इथे टाका. सूर्य कुठल्या बाजूला मावळतो तेही लिहा. मग पहिल्या रात्रीचे लाइट कुठे लावायचे ते मी आखून देतो.